बत्तिसावा आठवडा

टायर कुठले घ्यायचे, एवढंच ठरवायचं होतं. पण खांबेट्यांच्या घरात कढईसुद्धा कुणा एकाच्या मर्जीने आलेली नव्हती, म्हणून त्या रविवारी जितेंद्र हबीबगंजहून सकाळीच भोपाळच्या दुसऱ्या भागातल्या अवधपुरीला आला आणि पोह्यांची बशी घेऊन सोफ्याच्या मधोमध बसला. थोरला मुलगा, बँकेत अधिकारी. तो बसला की बैठक सुरू झाली असं धरायचं. समोरच्या खुर्चीत त्याचे वडील नीळकंठराव, दाराशी पाय जवळ घेऊन आई सुचेताबाई, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आत नाही की बाहेर नाही अशी, विनिता. आशयची बायको. धाकट्या आशयला जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती, तरी घरात तिची ओळख अजून तशीच सांगितली जायची.

निमित्त मंगळवारचं. विनिता जनावरांची डॉक्टर. रायसेनच्या पलीकडच्या एका गावात तिचा सरकारी दवाखाना. रोज जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर, त्यातले वीस-पंचवीस मुरमाचे आणि काळ्या मातीचे. मंगळवारी श्रावणाच्या झडीत एका अडलेल्या म्हशीकडे जाताना जीप काळ्या मातीत बसली ती बसलीच. टायरच्या खाचा मातीने भरल्या, चाकं जागच्या जागी फिरत राहिली, आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत तीन तास गेले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. घरी आल्यावर विनिता एवढंच म्हणाली, की गॅरेजवाल्याने घालून दिलेले हे झिजलेले टायर आता बदलावे लागतील.

जितेंद्र मोबाइलवर सगळी माहिती काढून आला होता. हायवेचे टायर डांबरावर मऊ चालतात, चिखलात हात टेकतात. निव्वळ चिखलाचे टायर चिखलात राजे, पण डांबरावर भुंग्यासारखा आवाज, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो आणि रोज चालवले तर लवकर झिजतात. ऑल-टेरेन म्हणजे दोन्हींच्या मधले. हे सगळं त्याने नीट वाचून दाखवलं आणि मोबाइल उपडा ठेवला.

"पण माझं विचाराल तर टायरच नकोत. जीप विकून टाकू. विनिताला छोटी कार घेऊ आणि बदलीचा अर्ज करू. भोपाळात काय जनावरं कमी आहेत?"

"दादा, कार त्या रस्त्यावर पोटावर बसेल," विनिता म्हणाली. "आणि बदली मला नकोय. मी निघाले तर तिथे दुसरा डॉक्टर यायला वर्ष जाईल."

सुचेताबाईंनी जितेंद्रकडे पाहिलं. "तिला सांग, त्या गाडीतून या घरातला एक जण गेला आहे. गाडी रोज दारात उभी असते, मी रोज बघते. अजून काय बघायचं ठेवलंय माझ्यासाठी?"

खोली दहा बाय बाराची, सगळ्यांनी ऐकलं. तरी जितेंद्रने विनिताकडे वळून निरोप पोहोचवल्यासारखी मान हलवली, आणि तिनेही निरोप मिळाल्यासारखी. सव्वादोन वर्षांत सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

तिला सांगा पोळ्या झाल्यात. तिला विचारा उद्या डबा हवा का. सुचेताबाई भांडणाऱ्या नव्हेत. मे महिन्यातल्या त्या दुपारी विनिताची स्कूटर वाटेत बंद पडली होती, तिने आशयला फोन केला होता, आणि फोनवरचं "लवकर ये, ऊन फार आहे" हे शेजारी बसलेल्या सुचेताबाईंनी ऐकलं होतं. रायसेनच्या रस्त्यावर जीपचा मागचा डावा टायर फुटला, जीप रस्ता सोडून कडुनिंबावर आदळली, आशय जागीच गेला. जीपचं मात्र फारसं बिघडलं नाही, आणि हेच त्या माउलीला सहन होत नव्हतं. तेराव्याला त्या एकदाच म्हणाल्या, तिने घाई लावली नसती तर माझा मुलगा सावकाश गेला असता. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. फक्त सुनेशी थेट बोलणं सोडलं.

विनिताला मूलबाळ नव्हतं. माहेरी उज्जैनला चल म्हणून तिचा भाऊ दोनदा येऊन गेला, ती गेली नाही. वर्षभर गॅरेजमध्ये पडलेली जीप तिने दुरुस्त करून आणली, तेव्हा जितेंद्र तिच्या बाजूचा होता. गॅरेजवाल्याशी हुज्जत त्यानेच घातली होती. मंगळवारच्या तीन तासांनी तो आईकडे सरकला. अशा घरात माणसं बाजू बदलतात ती कुणावर रागावून नव्हे, घाबरून.

"बाबा, तुम्ही सांगा," जितेंद्र म्हणाला. यंत्राच्या बाबतीत शेवटचा शब्द नीळकंठरावांचा, हा या घरचा कायदाच होता.

नीळकंठराव पोह्यातला शेंगदाणा बोटाने बाजूला करत राहिले.

चौतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. टर्बाइनच्या पात्यावर ठोकलेला नंबर चष्मा कपाळावर चढवून, भिंग लावून वाचल्याशिवाय त्यांनी माल पुढे सोडला नाही. खांबेटेसाहेब नंबर वाचतात म्हणून साताऱ्याकडच्या या माणसाचा अख्ख्या भोपाळात दरारा होता. आणि घरच्या टायरवरचे चार आकडे त्यांनी वाचले नव्हते.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी ही जीप लिलावात घेतली. त्याच वर्षी कारखान्यातल्या शांतारामच्या मेहुण्याचं दुकान बंद होत होतं, तिथून पाच नवे कोरे टायर आणले. पण जुने अजून चालत होते, आणि जुनं संपल्याशिवाय नवं काढायचं नाही हे या घरात चादरीपासून छत्रीपर्यंत सगळ्याला लागू. टायर गोणपाटात गुंडाळून कोठीत गेले. दर खंडेनवमीला ते बाहेर निघायचे, नीळकंठराव ओल्या फडक्याने पुसायचे, सुचेताबाई हळदकुंकू लावायच्या, आणि पुन्हा गोणपाटात. अशा बारा खंडेनवम्या झाल्या. आशय जायच्या आधीच्या मार्चमध्ये म्हणाला होता, बाबा, जुने पार गेलेत, दुकानातून घेऊन येतो. तेव्हा त्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. घरात नवे असताना दुकानात कशाला जायचं?

खाचा पूर्ण, रबर काळंभोर. त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले. दोन महिन्यांनी उन्हाने तापलेल्या डांबरावर त्यातला एक फुटला.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. कारखान्यात रबराच्या सीलवर मुदत असायची, आणि मुदत टळलेली सीलं त्यांनी स्वतःच्या सहीने ढिगाने बाद केली होती. तेरावं झाल्यावर ठाण्यातून सोडवून आणलेल्या सामानातला पाचवा टायर, न वापरलेला स्टेपनीचा, त्यांनी कोठीत नेऊन उजेडात धरला. बाजूला वाळलेल्या कुंकवाचा डाग होता, आणि डागाखाली ३२११. दोन हजार अकरा सालचा बत्तिसावा आठवडा. त्यांनी त्यावर गोणपाट टाकलं आणि कोठीचं दार लावून घेतलं.

सांगायचं म्हटलं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर सुचेताबाईंच्या रागाला जागा सापडली होती आणि ती जागा ते नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे त्यांना रोज दोन वेळच्या जेवणाला समोर दिसत होतं. रोज ते जेवत होते आणि हात धुऊन उठत होते.

"ऑल-टेरेन," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "तिचं काम तिथे आहे तर ती जाणारच. अर्ध्या चाकांनी जाण्यापेक्षा पुऱ्या चाकांनी जाऊ दे. मी येतो बरोबर दुकानात."

सुचेताबाई उठून आत गेल्या. विनिताने वाट देण्यासाठी पाय आखडून घेतले.

टायरचं दुकान अशोका गार्डनला होतं. विनिता गाडी शांतपणे चालवायची, खड्ड्याआधी गिअर बदलायची. नीळकंठराव वरची दांडी धरून बसले होते. आशयच्या शेजारी ते असे कितीदा बसले होते, पण त्याच्याकडे बघत नसत. रस्त्याकडे बघून सूचना करत. आता सूचना करायला तोंड उरलं नव्हतं.

दुकानदार गोविंद जुन्या ओळखीचा, बोलका माणूस. त्याने आधी जीपभोवती एक फेरी मारली.

"मैडम, पहले ये बताइए, चलती कहाँ है ज़्यादा?"

"डांबरपे अस्सी किलोमीटर, कच्चे में पच्चीस," विनिता म्हणाली. "रोज. बरसात में भी."

"तो फिर ऑल-टेरेन ही लीजिए. मड वाला मत लेना, रोज अस्सी किलोमीटर में आपके कान भी जाएँगे और टायर भी." मग त्याने हौशी पोरं करतात तसे रुंद टायर घालू नका म्हणून बजावलं, कंपनीने दिलेल्या मापाचेच घ्या, बाजूची भिंत जाड बघा, काळ्या मातीत शिरताना हवा थोडी उतरवा आणि डांबरावर आल्यावर पुन्हा भरा, त्यासाठी छोटा पंप गाडीत ठेवा. हे सगळं विनिता डोक्यात लिहून घेतल्यासारखी ऐकत होती. एरवी नीळकंठरावांनी यात दहा प्रश्न घातले असते.

गोविंदच्या माणसांनी पाच टायर आणून भिंतीशी लावले. माल चांगला होता. खाचा खोल, कडेचे ठोकळे चिखल फेकून देतील असे. नीळकंठरावांचा हात सवयीने खाचेत गेला. विनिताने खाचेला हात लावला नाही. ती उकिडवी बसली, एक टायर हळूहळू फिरवत गेली, एका जागी थांबली आणि अंगठ्याने धूळ पुसली. मग दुसरा. मग तिसरा.

"भैया, ये तो दो साल पुराने हैं. चौबीस का माल है."

"अरे मैडम, गोदाम में रखा था, धूप में थोड़ी. एकदम नया है."

"नया नहीं है, रखा हुआ है," विनिता म्हणाली. "इसी साल का निकालिए. मैं रुकती हूँ."

गोविंदने नीळकंठरावांकडे पाहून कौतुकाने हात जोडले, आपकी बहू आप पर गई है असं काहीसं म्हणाला आणि आत गेला. नीळकंठराव वळून बाहेर आले. ते दुकानाबाहेरच्या बाकावर बसले.

नवे टायर आले, तिने तारखा वाचल्या, पोरांनी जॅक लावला. मग ती दोन चहा घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. चहाचा ग्लास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "हे तारखेचं तुला कुणी सांगितलं?"

विनिता जीपकडे बघत होती. मागचं डावं चाक उतरत होतं.

"कुणी नाही. लशीची बाटली हातात घेतली की आम्ही आधी तारीख बघतो, मग बाकी सगळं. पंचनाम्याला ठाण्यावर गेले होते ना, तेव्हा फुटलेला टायर तिथेच पडला होता. सवयीने बघितली."



"म्हणजे तुला पहिल्यापासून..."

"हो, बाबा."

नीळकंठरावांना लाज वाटली. दुःख सव्वादोन वर्षं सोबतीला होतंच, त्याच्याबरोबर उठता-बसता येत होतं; लाज ही अशी समोर येऊन पहिल्यांदाच बसली. तरी तू बोलली नाहीस, एवढं त्यांना कसंबसं म्हणता आलं.

"राग नव्हता असं नका समजू," विनिता म्हणाली. "पहिले सहा महिने तुम्हाला वाढताना वाटायचं, ताट आपटावं आणि आईंसमोर सांगून टाकावं. मग एकदा तुम्ही कोठीत त्या टायरपाशी बसलेले दिसलात. जमिनीवर. मी दार ओढून घेतलं." तिने ग्लास खाली ठेवला. "आईंना कुणावर तरी राग हवा होता. माझ्यावर आहे, चालतंय. मी सकाळी सातला जाते, संध्याकाळी येते. तुमच्यावर झाला असता तर दिवसभर त्या कुणाजवळ बसल्या असत्या?"

नीळकंठरावांनी आपला न प्यायलेला ग्लास तिच्या ग्लासाशेजारी ठेवला.

"आता सांगू नका त्यांना," ती म्हणाली. "इतके दिवस गेले, जाऊ द्या."

परतताना जीप नव्या चाकांवर किंचित घुमत होती. हा आवाज आता रोजचा, विनिता म्हणाली, सवय होईल. नीळकंठरावांनी मान हलवली. सवय कशाचीही होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं?

घरी पोहोचले तेव्हा सुचेताबाई पायरीवर ताट घेऊन उभ्या होत्या. हळद, कुंकू, निरांजन, वाटीत पाणी. जीपशी त्यांचं वैर होतं, पण नवी वस्तू दारात आली की तिला कुंकू लावायचं ही रीत, आणि रागापायी रीत मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. जेवायला थांबलेला जितेंद्र मागे उभा होता. विनिता गाडीतून उतरली आणि सरळ फाटकाशी जाऊन बाजूला उभी राहिली. कुंकवाच्या ताटापासून दूर हो असं तिला या घरात कुणी सांगितलं नव्हतं. ती आपण होऊन व्हायची, आणि नको होऊस असंही कुणी म्हणालं नव्हतं.

सुचेताबाई पुढच्या चाकाशी वाकल्या. बोट कुंकवात बुडालेलं होतं.

"थांब," नीळकंठराव म्हणाले. "आधी माझं ऐक."

ते कोठीत गेले. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि मग त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने गोणपाट काढलेला टायर घरंगळवत अंगणात आणला. धाप लागली होती. जितेंद्र धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"हा पाचवा. बाकीचे चार आशयच्या गाडीला होते. हे आकडे बघ, तुझ्या कुंकवाखालचे. बत्तिसावा आठवडा, सन अकरा. मी त्याच्या गाडीला घातले तेव्हा ते तेरा वर्षांचे होत आले होते. तो दुकानात जातो म्हणत होता, मी जाऊ दिलं नाही. टायर घाईने नाही फुटला. माझ्यामुळे फुटला."

"बाबा, हे काय आता," जितेंद्र मध्ये पडला. "मे महिना होता, रस्ता तापलेला होता, कुठलाही टायर..."

"तू गप्प बस," सुचेताबाई म्हणाल्या. त्या पायरीवर खाली बसल्या. ताट त्यांनी मांडीवर घेतलं, निरांजन विझू नये म्हणून हात आडवा धरला. टायरवरच्या त्या डागाकडे त्या बघत राहिल्या.

"मी लावलं हे कुंकू. बारा वेळा."

"तुला वाचता येत नव्हतं ते. मला येत होतं."

आत कुकरची शिट्टी झाली. जितेंद्र गॅस बंद करायला गेला तो आतच थांबला.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"तेराव्यानंतर."

"आणि तिला?"

नीळकंठरावांनी फाटकाकडे पाहिलं. विनिता मान खाली घालून उभी होती. सांगू नका म्हणाली होती ती. "तिला आधीपासून," ते म्हणाले. "ठाण्यावर बघितलं तिने. माझ्यासाठी गप्प राहिली. तुझ्यासाठीही."

सुचेताबाई रडतील असं त्यांना वाटलं होतं, निदान काही बोलतील. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. एका हाताने ताट, एका हाताने कठडा धरून त्या उठल्या आणि जीपच्या कडेकडेने फाटकापर्यंत गेल्या.

"विनिता."

सव्वादोन वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं.

"हे घे."

विनिताचे हात पुढे झाले नाहीत. "आई, मी कशी लावू?"

"तूच लाव. गाडी तू चालवतेस." सुचेताबाईंनी ताट तिच्या हातात दिलं आणि तिची बोटं त्याच्या कडेवर घट्ट दाबून बसवली. "पण आधी तारीख वाच. मोठ्याने वाच, मला ऐकू येऊ दे. मग कुंकू."

विनिता पुढच्या चाकाशी बसली. आकडे सापडायला तिला वेळ लागला, डोळे भरून आले होते.

"चोविसावा आठवडा," ती वाचू लागली. "दोन हजार सव्वीस."

"लाव. आता पुढचं."

एकेक करत दोघी जीपभोवती फिरल्या. सुनेने वाचायचं, सासूने ऐकायचं, मग कुंकवाचं बोट. मागच्या डाव्या चाकाशी दोघींनाही थांबावं लागलं. सुचेताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

शेवटी स्टेपनीसुद्धा वाचून झाली. नीळकंठराव अंगणात तो जुना टायर धरून तसेच उभे होते. तो खाली ठेवा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही.